रेंज फुल्ल, नेट ठप्प

घरात वाय-फाय नीट चालत नाही अशी तक्रार कुठेही करा, उत्तर ठरलेलं आहे: ‘मेश घेऊन टाका.’ दुकानदार हेच सांगतो, इंटिरिअरवाला हेच सांगतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा जाणकार शेजारीही हेच सांगतो. दोन-तीन पांढरे डबे घरभर ठेवायचे, ॲपमध्ये जोडायचे, वायर नाही, तोडफोड नाही, काम फत्ते. हा सल्ला इतक्या सहजपणे दिला-घेतला जातो की तो एकदा तपासून पाहावा असं कुणाला वाटत नाही. मला तो घातक वाटतो. आपल्याकडच्या पक्क्या, सिमेंट-काँक्रीटच्या घरांत बिनतारी मेश हा शेवटचा उपाय असायला हवा, आणि आपण त्याला पहिला करून ठेवला आहे. पहिला मान लॅन केबलचा. जिथे केबल ओढता येते तिथे ती न ओढता नुसते डबे वाढवायचे, म्हणजे दुखणं अंगावर काढायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे.

मेशच्या बाजूचा सर्वांत भारी मुद्दा आधी घेतो. ‘लावून तर बघा, प्रत्येक खोलीत रेंज फुल्ल येते.’ येते, खरंच येते. पण मोबाइलवर ज्या दांड्या दिसतात त्या मोबाइल आणि त्याच्या जवळचा डबा यांच्यातल्या संपर्काच्या असतात. तो डबा पुढे मुख्य राउटरशी कसा बोलतोय, याबद्दल त्या अवाक्षरही सांगत नाहीत. या मागच्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. ग्राहकाने सर्वांत आधी विचारायला हवी ती ही गोष्ट, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शेवटच्या बेडरूममध्ये पलंगाशेजारी डबा ठेवला की मोबाइलला सगळ्या दांड्या दिसणारच, हातभर अंतरावर तर आहे! पण त्या डब्याला हॉलमधल्या राउटरपर्यंत पोचायचं तर त्याच दोन भिंती, तेच टाइल्स लावलेलं बाथरूम आणि तेच लोखंडी कपाट ओलांडायचं आहे, जे मोबाइलला ओलांडता येत नव्हतं म्हणून आपण डबा विकत आणला. डब्याच्या अँटेना मोबाइलपेक्षा सरस असतात, त्यामुळे थोडा फरक पडतो. भिंत तीच राहते. मग व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही, आणि दांड्या पूर्ण असल्यामुळे माणूस इंटरनेट कंपनीच्या नावाने खडे फोडतो.

आता हे असं का होतं. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. घाटातल्या एकेरी पुलासारखी ही वाहतूक आहे: या बाजूची गाडी येईपर्यंत त्या बाजूची थांबते. राउटरने पाठवलेली माहिती डब्याने आधी ऐकायची आणि मग तीच माहिती त्याच हवेतून पुन्हा मोबाइलकडे पाठवायची. एकच मजकूर दोनदा पुलावरून जातो, म्हणून पुढे-मागे एकच रेडिओ वापरणाऱ्या डब्यापाशी वेग जास्तीत जास्त निम्मा उरतो. त्या डब्याच्या आधाराने आणखी एक डबा लावला की तीच माहिती तिसऱ्यांदा हवेत जाते. २००१ साली एमआयटीच्या संशोधकांनी अशा बिनतारी साखळ्यांचा हिशेब मांडला होता. लांब साखळीत सगळं आदर्श घडलं तरी मूळ क्षमतेचा चौथा हिस्सा हाती लागतो, आणि वाय-फायच्या तेव्हाच्या नियमांनी साखळी चालवली तर साधारण सातवा, असं त्यांना दिसलं. घरातली साखळी इतकी लांब नसते आणि रेडिओही तेव्हापासून पुष्कळ सुधारले आहेत, हे मान्य. पण एका वेळी एकानेच बोलायचं, हा नियम आजही तसाच आहे.

यावर लगेच ‘ट्राय-बँड’चं उत्तर येतं: महागड्या संचात बॅकहॉलसाठी तिसरा, राखीव रेडिओ असतो, मग वेग निम्मा कसा होईल? बरोबर, त्या राखीव रेडिओने निम्म्याची अडचण सुटते. पण तो रेडिओ ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि या लहरींना भिंत जास्त नडते. मोकळ्या जागेतसुद्धा, सारख्या ताकदीने आणि सारख्या साध्या अँटेनाने पाठवलं तर ५ गिगाहर्ट्झवर समोर पोचणारी शक्ती २.४ गिगाहर्ट्झच्या तुलनेत चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असते. त्यात काँक्रीट आलं की आणखी घट. म्हणजे सर्वांत वेगवान रेडिओ नेमका आपल्या घरात सर्वांत आधी दमतो, आणि जास्तीचे पैसे ज्याच्यासाठी मोजले तोच अर्ध्या वाटेत थांबतो.

डबा कुठे ठेवायचा याचाही घोळ आहे. रेंज नसलेल्या खोलीत डबा ठेवायचा नसतो. राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे मुख्य राउटरची रेंज अजून दमदार आहे अशा जागी ठेवायचा असतो. आपल्या फ्लॅटमध्ये ही जागा बहुधा बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये येते. तिथे प्लग नसतो. म्हणून डबा जातो जिथे प्लग आहे तिथे, आणि तिथे बॅकहॉल मरतो. ज्यांच्याकडे मेश आधीच आहे त्यांनी एक करून पाहावं: मुख्य राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर वेग मोजावा, मग लांबच्या डब्याशेजारी त्याच मोबाइलवर मोजावा. दोन्हीकडे दांड्या सारख्याच दिसतील. आकड्यांतली तफावत म्हणजे बॅकहॉलमध्ये गमावलेला वेग.

‘चालत चालत घरभर फिरा, कॉल तुटत नाही’ हा दुसरा दावा. एका डब्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं हे शेवटी मोबाइल ठरवतो, डबा फार तर सुचवतो. ॲपलने स्वतःच सांगून ठेवलं आहे की आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावरच दुसरा डबा शोधायला लागतो. हा बदल सुकर करणारे ८०२.११के, व्ही आणि आर हे नियम मेशची मिरासदारी नाहीत. केबलने जोडलेल्या साध्या ॲक्सेस पॉइंटमध्येही, म्हणजे नुसतं वाय-फाय सोडणाऱ्या डब्यातही, ते मिळतात, आणि सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड दिला की मोबाइलला फरक कळत नाही. या दाव्यात याहून जास्त काही नाही.

सोसायटीच्या दृष्टीने पाहिलं तर मामला आणखी गंभीर होतो. वाय-फाय ज्या हवेतून चालतं ती सगळ्यांच्या सामाईक मालकीची आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला. ऐकायला भरपूर वाटतं. पण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झमध्ये आजकाल ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल वापरतात. रडारसाठी जपायचे भाग बरेच घरगुती राउटर टाळतात, आणि ते वगळले तर असे रुंद गाळे दोनच उरतात, ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. एका मजल्यावर चार फ्लॅट, वर-खाली तेवढेच, आणि प्रत्येकाकडे तीन-तीन डबे. शिवाय मेशमधले डबे एकमेकांशी बोलायला बहुधा एकच चॅनल धरून बसतात आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा हवेत सोडतात. तुमच्या घरात एकच सिनेमा चालू असतो, हवेतून मात्र तो दोनदा जातो, आणि शेजारच्या मुलीच्या ऑनलाइन परीक्षेला तेवढी हवा कमी पडते. डबे केबलने जोडले तर प्रत्येकाला वेगळा चॅनल देता येतो, ताकद कमी ठेवता येते, आणि डब्या-डब्यांमधलं सगळं बोलणं हवेतून उठून तारेत जातं. म्हणून केबल ओढणं मला शेजारधर्मही वाटतो.

विजेचा मुद्दा मेशच्या कुठल्याही जाहिरातीत नसतो, पण महाराष्ट्रात वाय-फायचा विचार विजेशिवाय होऊच शकत नाही. घरातल्या इन्व्हर्टरवर सहसा दिवे, पंखे आणि एक-दोन प्लग असतात. वीज गेली की राउटर चालू राहतो आणि बेडरूममधला मेशचा डबा बंद पडतो, कारण तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. कॉलवर असलेला माणूस लॅपटॉप उचलून हॉलकडे धावतो. केबलचं तसं नाही. लॅन केबलमधूनच वीज देण्याची पद्धत २००३ पासून प्रमाणित आहे. तिच्या मूळ नियमाप्रमाणे एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज सोडता येते, आणि छतावरच्या साध्या ॲक्सेस पॉइंटला तेवढी पुरते. मुख्य राउटर, फायबरचा डबा आणि केबलमधून वीज देणारा छोटा स्विच एकत्र ठेवून त्यांना एक यूपीएस दिला की वीज गेली तरी घरभरचं वाय-फाय सुरू राहतं. खोलीत प्लगही लागत नाही. पॅसेजमध्ये प्लग नाही ही अडचणही अशीच मिटते.

आता ज्या आक्षेपाला सगळे घाबरतात तो: ‘केबल म्हणजे भिंती फोडा, धूळ, रंगकाम, खर्च.’ बहुतेक फ्लॅटमध्ये भिंत फोडावी लागत नाही. बिल्डरने हॉलमध्ये आणि निदान एका बेडरूममध्ये टीव्हीचा आणि टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो, आणि त्या पॉइंटपर्यंत भिंतीतून पीव्हीसी पाइप आलेला असतो. आता टीव्हीवर कार्यक्रम इंटरनेटवरून येतात, टेलिफोन गेला, आणि तो पाइप जुन्या डिशची वायर पोटात घेऊन पडून आहे. पुण्यात एका मैत्रिणीच्या घरी अशाच पाइपातून केबल ओढली जात असताना मी समोर उभा होतो. मेश लावूनही तिचे ऑफिसचे कॉल तुटायचे. इलेक्ट्रिशियनने बेडरूममधल्या टीव्ही पॉइंटची प्लेट उघडली, आतली काळी वायर बोटाने हलवून पाहिली आणि म्हणाला, “ताई, सुटी आहे. हिलाच धरून नवी ओढू.” जुन्या वायरच्या टोकाला त्याने लॅन केबल बांधली, गाठ फुगू नये म्हणून आतल्या तारांच्या चार जोड्याच पुढे काढून वरून टेप घट्ट गुंडाळला, थोडी साबणाची पूड लावली. एक जण हॉलमधून ओढत होता, एक बेडरूममधून सोडत होता. एका वळणावर अडकली. थोडी मागे घेतली, पुन्हा ओढली, सुटली. मग दोन्ही टोकांना पिन मारल्या. डबे तेच राहिले, फक्त बेडरूममधल्या डब्याच्या मागे केबल लागली. संध्याकाळच्या कॉलवर तिचं एकही वाक्य तुटलं नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण ज्यांनी मेशवर पैसे घातलेत त्यांना ते बुडाले असं वाटायला नको. आजचे जवळपास सगळे मेश डबे केबलने जोडता येतात, आणि केबल लागली की ते बॅकहॉल हवेतून काढून तारेवर घेतात. मात्र डबा घेताना त्याच्या मागचं पोर्ट बघा. काही स्वस्त संचांमध्ये ते १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणजे ३०० चा प्लॅन घेऊनही त्या खोलीत १०० च्या वर जाता येणार नाही. केबल घेताना निव्वळ तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात आणि सर्रास मिळते. ती पिन मारताना तुटते, आणि तिच्यातून वीज न्यायची असेल तर ती तापते. साधी कॅट फाइव्ह ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, त्यामुळे घरासाठी तिच्या वरच्या दर्जाचा हट्ट धरायची गरज नाही. आणि एक गोष्ट कुणीही, कितीही आग्रह केला तरी करू नका: २३० व्होल्टच्या वायरच्या पाइपातून लॅन केबल ओढू नका. जिवाशी खेळ आहे. पाइपच नसेल तर स्कर्टिंगच्या कडेने पट्टी मारून केबल नेता येते, दाराच्या चौकटीवरून वळवता येते. दिसते, हो. टीव्हीच्या मागे लोंबणाऱ्या वायरी आपण चालवून घेतल्या आहेत, तर ही पट्टी सोसायला काय हरकत आहे?

दिसण्याचा विषय निघाला तर इंटिरिअर करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. राउटर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट टॉप बॉक्सच्या खाली, टीव्हीच्या लोखंडी पाठीमागे दडवायचा आणि मग ‘मेश घ्या’ म्हणायचं, हे मला पटत नाही. राउटर उघड्यावर, उंचावर, घराच्या मध्याजवळ हवा. फायबर जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे बहुधा दाराशी चपलांच्या कपाटावर, राउटर ठेवून जोडणारा माणूस निघून जातो. त्याला पुढच्या घरी जायचं असतं. पण पाच-दहा मीटर केबल टाकून राउटर आत आणणं तर आपल्या हातात आहे. पुष्कळ दोन बेडरूमच्या घरांत एवढ्यानेच प्रश्न मिटतो आणि दुसऱ्या डब्याची गरजच उरत नाही.

खरा राग मला बिल्डर आणि आर्किटेक्ट यांचा येतो. मुंबई-पुण्यातले नवे टॉवर मायवान पद्धतीने उभे राहतात. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, म्हणजे घरातली आतली भिंतसुद्धा विटेची नसते, सळ्यांसह काँक्रीटची असते. वाय-फायसाठी याहून वाईट भिंत घरात सापडायची नाही. आणि या भिंतीत नंतर खाच पाडून पाइप टाकता येत नाही, कारण तीच इमारत तोलून धरते. म्हणजे पाइप ओतण्याआधी टाकला तरच टाकला. काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत एक जास्तीचा पाइप टाकायचा खर्च त्या फ्लॅटच्या किमतीत शोधूनही सापडणार नाही. तो टाकत नाहीत, कारण ग्राहक मागत नाही. ग्राहक मागत नाही, कारण त्याला सांगितलेलं असतं की आता सगळं वायरलेस आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत माहिती-दळणवळणाच्या जोडणीसाठी स्वतंत्र भाग आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल मानांकन देण्याचे विनियम काढले. कागद तयार आहेत. क्लब हाउस आणि इन्फिनिटी पूलची चित्रं छापणाऱ्या माहितीपत्रकात खोलीगणिक डेटा पॉइंटची एक ओळ मात्र क्वचितच सापडते.

मग मेश कुणासाठी? भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, जिथे मालक खिळाही मारू देत नाही. मायवानच्या ज्या घरात पाइपच टाकलेला नाही, त्या घरासाठी. अशांनी दोनच डबे घ्यावेत, तीन नव्हेत, आणि दुसरा मध्यावर ठेवावा. जुन्या वाड्यांचं आणि कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरांचं नाव या यादीत नेहमी घेतलं जातं, ते मला मान्य नाही. तिथे माळा आहे, वासे आहेत, विजेच्या वायरीसुद्धा भिंतीवरून उघड्याच गेलेल्या असतात. त्यांच्यापासून थोडं अंतर राखून केबल न्यायला शहरातल्या फ्लॅटपेक्षा तिथे सोपं पडतं, आणि मेशला तिथली भिंत काँक्रीटइतकीच नडते.

मेशची कल्पना वाईट आहे असं मी म्हणतच नाही. जिथे तार नेणारा कुणी नव्हता तिथे तिने मोठं काम केलं. स्पेनमधल्या कॅटलोनियात, ग्रामीण भागाकडे टेलिफोन कंपन्या ब्रॉडबँड घेऊन जाईनात, तेव्हा २००४ मध्ये लोकांनी छतांवर अँटेना लावून गिफी डॉट नेट हे स्वतःचं बिनतारी जाळं उभारलं. पुढे ते हजारो घरांपर्यंत पसरलं. त्याच लोकांनी २००९ पासून स्वतः फायबर टाकायला सुरुवात केली. हवेतून जाळं विणण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यांनाही जमेल तिथे तारच हवी होती. मग बेडरूमपर्यंतच्या बारा मीटरसाठी आपण हवेवर का विसंबतो?

‘वाय-फाय ७ आलं की हे सगळं जुनं होईल’ असंही ऐकू येतं. नव्या पिढीचा सर्वांत मोठा वेग ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि ३२० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनलमध्ये आहे. त्या लहरी काँक्रीटमधून ५ पेक्षाही कमी पार होतात. म्हणजे प्रत्येक खोलीत डबा लागण्याची वेळ जवळ येते आहे, आणि प्रत्येक डब्यामागे केबल लागण्याचीही. नवं घर बुक करणाऱ्यांनी म्हणून सेल्स ऑफिसात तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर करारनाम्याच्या जोडपत्रात लिहून घ्यावं. फायबर घरात कुठून शिरते? तिथून प्रत्येक खोलीपर्यंत विजेपासून वेगळा, निदान २५ मिलिमीटरचा पाइप आहे का? आणि पॅसेजच्या छतात एक पॉइंट काढून मिळेल का? स्लॅब पडायच्या आधी विचारलं तर साइटवरचा सुपरवायझर हे काम एका दिवसात करून देतो.